घरचं वय आणि कपाटाचं वय

आत्या काय काम करते, असं कुणी परक्यानं विचारलं की आमच्या घरात सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायचे. ती डॉक्टर नव्हती, नर्सही नव्हती. ती एका कपाटासमोर स्टुलावर बसायची आणि आलेल्या माणसाचं वय कपाटाला सांगायची. सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, चौतीस वर्षं. एवढंच काम. पण त्या एवढ्याशा कामापायी काय काय झालं ते मला शांतपणे सांगता येणार नाही, माझा स्वभावच तसा नाही. मी लाँड्री चालवते. दिवसभर वाफेत उभी असते, त्यामुळे डोकं कायम तापलेलं.

कपाट वरच्या लोकांचं. वरचे म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी जे आकाशात राहायला गेले, त्यांचे वंशज. त्यांची वस्ती दिवसाढवळ्या डोक्यावर दिसते, एक पांढरी दोरी ताणून बांधल्यासारखी. जे खाली राहिले, त्यांचे आम्ही. ते लोक अडीचशे-अडीचशे वर्षं जगतात. आमच्याकडे साठी ओलांडली की लोक आवराआवर सुरू करतात. त्यांच्याकडे काय काय यंत्रं आहेत हे आम्हाला धड माहीतही नाही. आमच्याकडे आहेत कोळशाच्या इस्त्र्या, सायकली, चुन्याच्या भट्ट्या आणि ते एक कपाट.

बस आगारामागच्या जुन्या तिकीटखोलीत ते बसवलं होतं. पुरुषभर उंच, राखी रंगाचं, कुठेही सांधा न दिसणारं. आजारी माणूस समोर उभा राहिला की दार आपोआप उघडायचं, माणूस आत जायचा, पाच-सात मिनिटं नुसती गुणगुण ऐकू यायची, आणि तो बाहेर यायचा तो बरा होऊन, निदान बरा व्हायच्या वाटेला लागून. ज्या दुखण्यांवर आमच्याकडे काढे पाजून देवाचं नाव घ्यायची वेळ यायची, ती दुखणी कपाट चुटकीसरशी घालवायचं. अट एकच. दाराशी बसलेल्या सेविकेनं रोग्याचं वय तोंडी सांगायचं. कपाट तिचाच आवाज ओळखायचं आणि तिच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचं. वयाबद्दल कुणी खोटं बोलेल हे वरच्यांना सुचलंच नव्हतं.

गोम होती ती इथेच. वरच्यांकडे एकशेवीस वर्षांच्या आतला माणूस म्हणजे कोवळं पोर. त्याचं शरीर स्वतःला स्वतःच दुरुस्त करतं, त्याला औषध देणं म्हणजे उलट अपाय, असा त्यांचा नियम. खरोखरच्या बाळांसाठी कपाटात वेगळा कप्पा होता, तिथे काही अडचण नव्हती. पण मोठी माणसं? पहिल्याच महिन्यात एक गवंडी आला, मूत्रपिंडं निकामी झालेला. आत्या तेव्हा एकोणीस वर्षांची. तिनं खरं वय सांगितलं, चाळीस. कपाट गोड आवाजात म्हणालं, “आपली प्रकृती तरुण आहे. आपोआप आराम पडेल. विश्रांती घ्यावी.” गवंडी घरी गेला, विश्रांती घेतली आणि नवव्या दिवशी गेला.

त्यानंतर त्याचीच बहीण आली, तेच दुखणं घेऊन, वय बेचाळीस. आत्या म्हणाली, “एकशेसव्वीस.” कपाटानं निमूटपणे दार उघडलं.

अशी सुरुवात झाली. तिप्पट का, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, “पटकन जमतं म्हणून.” पण तो हिशेब चपखल बसला. आमच्याकडचा चाळिशीचा माणूस, धूळ खाल्लेला, वजनं उचललेला, वरच्यांच्या एकशेवीसच्या माणसाइतकाच झिजलेला असतो. कपाट आत घेऊन तपासायचं तेव्हा त्याला काही वावगं दिसायचंच नाही.

मग सगळ्या शहराला दोन-दोन वयं झाली. घरचं आणि कपाटाचं. शाळेत पोरांकडून तीनचा पाढा शंभरापर्यंत घोकून घेत. बसमध्ये भांडण जुंपलं की कंडक्टर ओरडायचा, “दीडशेचा घोडा झालास तरी रांगेत उभं राहायची अक्कल नाही!” माझ्या पंचविशीला मैत्रिणींनी पंचाहत्तरीच्या शुभेच्छा दिल्या होत्या. सगळे खदखदून हसले. आत्या नाही हसली. तिला या विषयावर थट्टा खपायची नाही.

ती तशी खडूसच. लग्न केलं नाही. का, तर म्हणे वेळ कुठे होता. खोलीत दोन बाकं, एक माठ, खुंटीवर तिचं जाकीट आणि भिंतीला टेकवलेला खराटा. कुणी बाकावर पाय घेऊन बसला की खराटा उचलायची. श्रीमंत असो की हमाल, आधी आला त्याचा नंबर आधी. कारखान्याच्या मालकीणबाईंना तिनं दीड तास ताटकळत ठेवलं होतं, कारण पुढे एक भंगारवाला होता. मला तिचा अभिमान वाटायचा आणि तितकाच संतापही यायचा. दुखणाईत माणसाशी दोन शब्द गोड बोलायला काय जातं? पण नाही. “वय?” “त्रेपन्न.” “एकशेएकोणसाठ. चल आत.” संपलं बोलणं. आणि कुणी मेलं तर त्याचीही नोंद तीच करायची, तिप्पट वयासकट. मेलेल्या माणसाचं वय ऐकून कपाट नुसतं “नोंद झाली” म्हणायचं.

आमच्या बाबांनी सगळं आयुष्य चुन्याच्या भट्टीवर काढलं. आत्यापेक्षा आठ वर्षांनी मोठे. या वर्षी त्यांची छाती चुन्याच्या धुळीनं पार भरली, चार पायऱ्या चढल्या की भिंत धरायचे. आत्यानं स्वतः हाताला धरून त्यांना कपाटापुढे आणलं. एकसष्ट त्रिक एकशेत्र्याऐंशी. कपाटानं सांगितलं, नऊ वेळा यावं लागेल, दोन वेळांमध्ये बारा दिवस. मधेच सोडलं तर केलेलं सगळं वाया जाईल.

पाच वेळा झालं. पाचव्या वेळेनंतर बाबा लाँड्रीपर्यंत चालत आले, मधे न थांबता. आले आणि काउंटरवर टिचकी मारून म्हणाले, “माझा सदरा झाला का गं, बाई?” मी चादर तशीच टाकली आणि रडायला लागले. ते म्हणाले, “अगं, सदरा नसेल झाला तर उद्या नेतो.”

आणि त्याच आठवड्यात कपाटानं अभिनंदन करायला सुरुवात केली.

सकाळी आत्यानं कुलूप काढलं तर ते म्हणालं, “अभिनंदन. या शहरातील मृत्यूचे सरासरी वय एकशेचौऱ्याहत्तर झाले आहे. आपण वरच्या वस्तीच्या बरोबरीला येत आहात. आता या सेवेची आपणास गरज उरलेली नाही. दहा दिवसांनी हे यंत्र अधिक गरजू शहराकडे पाठवले जाईल.” मग ते प्रत्येक माणसाला तेच ऐकवू लागलं. मूतखड्यानं कळवळणाऱ्याला अभिनंदन. रक्त ओकणाऱ्या बाईला अभिनंदन. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

चौतीस वर्षं आत्या आकडे फुगवत गेली आणि वरचे ते जमवत गेले. आमची माणसं साठीतच मरत होती, पण वर कागदोपत्री आम्ही अमर व्हायच्या बेतात होतो. आणि हे एवढं मोठं भोक आमच्यातल्या एकाच्याही लक्षात येऊ नये? पोरं पाढा घोकत बसली, आम्ही विनोद करत बसलो. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं.

दहा दिवसांत बाबांचं फार तर एकदा होणार. उरलेल्या तीन वेळांचं काय?

मी दुकान टाकून आत्याकडे गेले. “खरं सांगून टाक,” मी म्हटलं. “त्यांचा माणूस कपाट न्यायला येईलच ना? त्याला सांग, सगळे आकडे तिप्पट आहेत. मग नाही नेणार ते.”

“नाही नेणार,” आत्या म्हणाली. “पण खरी वयं कळल्यावर ते काम करेल का? दादाला आत घेईल का?”

“आधी राहू तर दे! नंतरचं नंतर बघू.”

“नंतरचं कोण बघणार? तू?” तिनं फडकं आपटलं. “माझं ऐक. मी फक्त मुदत मागते. दादाचं पूर्ण होईपर्यंत सहा आठवडे थांबा, असं सांगते. तोंडाला कुलूप लाव आणि मला बोलू दे.”

“चौतीस वर्षं तूच बोलतेयस, म्हणून तर ही वेळ आली!”

हे मी बोलायला नको होतं. ती स्टूल पुसत राहिली, जरी ते आधीच पुसलेलं होतं.

आठव्या दिवशी, भर दुपारी, वरची बाई आली. आगाराच्या पटांगणात तिचं यान उतरलं तेव्हा धूळसुद्धा उडाली नाही. बाई दिसायला माझ्याहून लहान, सव्वीस-सत्तावीसची वाटावी अशी. अंगात साधा पांढरा पोशाख, हसरा चेहरा, आवाजात मार्दव. वाईट असती तर बरं झालं असतं. निदान शिव्या घालता आल्या असत्या. पण ती अगदी मनापासून चांगली होती, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता.

बाबा बाकावर बसले होते, त्यांचा सहाव्यांदा यायचा तोच दिवस होता. मी त्यांच्या शेजारी. आत्यानं ठरल्याप्रमाणे मुदत मागितली. सहा आठवडे, फार नाही.

वरची बाई हळहळली. “दिली असती हो. पण ज्या शहरात हे जायचंय तिथली माणसं पन्नास-साठ वर्षांत मरतात. कल्पना करा, साठ वर्षं! त्यांना एक दिवससुद्धा थांबवणं पाप आहे.”

“आमची काय वेगळी मरतात?” माझ्या तोंडून निघून गेलं.

आत्यानं डोळे मिटले.

मग मी थांबलेच नाही. गवंडी, त्याची बहीण, पाढा, सगळं भडाभडा ओकले. वरची बाई शांतपणे ऐकत होती. माझं झाल्यावर उठली, बाबांजवळ गेली, त्यांचा हात हातात घेतला, नखं पाहिली, मानेवरच्या सुरकुत्या पाहिल्या.

“हे एकसष्ट वर्षांचे?” ती हसली, पण कुचेष्टेनं नाही. “अहो, कपाट जाऊ नये म्हणून तुम्ही असं म्हणताय, मला समजतं ते. पण कपाटानं यांना पाच वेळा आतून तपासलंय. एकशेत्र्याऐंशीच्या मानानं यांची तब्येत उत्तम आहे. माझी आजी या वयात यांच्यापेक्षा म्हातारी दिसायची.”

बाबा म्हणाले, “आभारी आहे.” त्यांना काय बोलावं सुचलं नाही तेव्हा ते आभार मानायचे.

मी हात टेकले. खरं सांगूनसुद्धा खोटं ठरावं, यापुढे माणसानं काय करायचं? जन्माचे दाखले दाखवले तर बाई म्हणाली, कागदावर काय, काहीही लिहिता येतं. आणि मग आत्या स्टुलावरून उठली.

“हे कपाट इथे बसवायला कोण आलं होतं, आठवतंय?” तिनं विचारलं.

“मीच तर आले होते,” बाई म्हणाली. “आत्ता-आत्ताचीच गोष्ट. एका मुलीला मी सात दिवस शिकवलं. फार हसायची ती. माझी नक्कल करायची, कपाटाचीसुद्धा करायची. मला वाटलं होतं ती आज भेटेल. काम सोडलं का तिनं?”

आमची आत्या आणि हसायची? नकला करायची? मी बघतच राहिले.

आत्या म्हणाली, “मीच ती.”

वरची बाई जवळ आली. तिनं आत्याकडे पाहिलं. पांढरे केस, वाकलेली बोटं, पुढचे दोन दात पडलेले. आत्यानं मग घसा खाकरला आणि कपाटाच्या त्या गोड आवाजात, हुबेहूब, म्हणाली, “आपली प्रकृती तरुण आहे. विश्रांती घ्यावी.” बाईचा चेहरा एकदम उतरला. ती बाकावर बसली, बाबांच्या शेजारी, आणि तोंडाला हात लावून रडली. मलाही क्षणभर तिची दया आली. क्षणभरच.

नंतर तिनं जे केलं ते सगळं आमच्या भल्यासाठी केलं, हे मला आजही कबूल आहे. चौतीस वर्षांच्या नोंदी तिनं एका बैठकीत दुरुस्त केल्या. कपाट इथेच राहील असा हुकूम दिला. आणि आत्याचे हात धरून म्हणाली, “तुम्हाला इतकी वर्षं रोज खोटं बोलावं लागलं. किती त्रास झाला असेल! आता कधीच बोलावं लागणार नाही. जन्मदाखल्यावरचं वय मी कपाटात कायमचं बसवून टाकलंय. ते आता कुणालाच बदलता येणार नाही, तुम्हालाही नाही, मलाही नाही.”

आत्यानं हात सोडवून घेतले. “दादा, जरा उभा राहा समोर,” ती म्हणाली.

बाबा कपाटापुढे उभे राहिले. दार उघडलं नाही. ते आता कपाटाच्या लेखीही एकसष्टचेच होते, म्हणजे वरच्यांच्या हिशेबानं पोरसवदा. कपाटानं त्यांना आपोआप आराम पडेल म्हणून सांगितलं.

बाईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं कपाटाला पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला, कुणाकुणाशी वर बोलली. नियम होता तो. बदलायला मोठी सभा भरावी लागायची, सगळ्यांचं मत घ्यावं लागायचं. मग आमच्याकडे वळून ठामपणे म्हणाली, “मी स्वतः हा विषय मांडते. अगदी अन्याय आहे हा, कुणालाही पटेल. तुम्ही काळजी करू नका, लवकरच बदलून घेऊ.”

“लवकर म्हणजे?” आत्यानं विचारलं.

“घाईचं म्हणून मांडलं तर पंधरा वर्षं. फार तर वीस.”

ती थट्टा करत नव्हती. तिला खरंच ते लवकर वाटत होतं. मी तिच्या अंगावर धावून जाणार होते, पण बाबांनी माझा दंड धरला. ते म्हणाले, “बरं, बरं. मी थांबतो तोवर. मला कुठे कामावर जायचंय?” बाईला एवढा धीर आला की तिनं त्यांना वाकून नमस्कार केला.

बाबा सात महिने थांबले. केलेले पाचही वेळचे उपचार दोन महिन्यांत वाया गेले, मग पायऱ्या बंद, मग बोलणं बंद. या सात महिन्यांत मी आत्याशी भांडले, स्वतःशी भांडले, गिऱ्हाइकांचे तीन सदरे जाळले. माझं तोंड त्या दिवशी बंद राहिलं असतं तर कपाट गेलं असतं, आणि बाबांचं तरीही व्हायचं तेच झालं असतं. हे मी हजार वेळा स्वतःला समजावलंय, आणि हजार वेळा पटलेलं नाही. आत्या मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

बाबा गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी आठ वाजता कामावर निघाली. मी म्हटलं, “आज तरी राहू दे.” ती म्हणाली, “नोंद करायचीय.” मग मीही तिच्याबरोबर गेले. बाहेर दहा-बारा माणसं उभी होती. उपयोग नाही हे माहीत असूनही रोज येतात.

आत्या स्टुलावर बसली, बाबांच्या जन्मदाखल्याचा नंबर सांगितला आणि म्हणाली, “मयत.”

कपाट म्हणालं, “वय एकसष्ट. या वयात नैसर्गिक मृत्यू संभवत नाही. नोंद घेता येत नाही. कृपया खात्री करून घ्यावी.”

“मयत,” आत्या पुन्हा म्हणाली.

“कृपया खात्री करून घ्यावी. संबंधित व्यक्ती झोपलेली असू शकते.”

चौतीस वर्षांत आत्याचा आवाज त्या खोलीबाहेर कुणी ऐकला नव्हता. त्या दिवशी तो पार बस आगारापर्यंत गेला. “मेलाय तो!” ती उभी राहून ओरडली. “माझा भाऊ मेलाय! मी त्याला आंघोळ घातलीय! मेला, मेला, मेला!” आणि दोन्ही तळव्यांनी कपाट बडवत राहिली. ते प्रत्येक वेळी तितक्याच अदबीनं खात्री करून घ्यायला सांगत होतं. रांगेतली माणसं दाराशी येऊन उभी राहिली. कुणी पुढे झालं नाही. शेवटी मीच तिला मागून कवेत धरलं आणि बाकावर आणून बसवलं.  थोड्या वेळानं तिनं जाकिटाच्या बाहीनं तोंड पुसलं, दाराकडे बघितलं आणि विचारलं, “पहिला नंबर कुणाचा?”